झडती कोणाची?



भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या आसपास, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि छोटे-मोठे गाळे आहेत. अशा ठिकाणी पाळी सुटली की कामगाराची पिशवी तपासली जाते. मॅनेजरची बॅग सहसा कोणी उघडत नाही. ‘एवढा शिकलेला माणूस, तो कशाला खोटं करेल?’ हा समज फार महागात पडतो.

नोकरीतल्या अपहारांवर एक आंतरराष्ट्रीय अहवाल दर दोन वर्षांनी निघतो. २०२४ च्या अहवालात १,९२१ प्रकरणं आहेत. साध्या कर्मचाऱ्याच्या अपहारातलं मध्यक नुकसान ६० हजार डॉलर, तर मालक किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अपहारातलं ५ लाख डॉलर. पदवीधरांनी केलेलं नुकसानही कमी शिकलेल्यांपेक्षा मोठं भरतं. शिक्षणाने माणूस लबाड होतो, असं मी मुळीच म्हणत नाही. पण पदवीमुळे पद मिळतं, पदासोबत सहीचा अधिकार आणि पासवर्ड येतो, आणि हळूहळू प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही.

पीएमसी या सहकारी बँकेतला घोटाळा आठवा. एकाच बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असं तपासात पुढे आलं. हे काम अडाण्याचं नव्हे. त्याला ताळेबंद कळावा लागतो, तपासनीस काय पाहतो आणि काय पाहत नाही तेही कळावं लागतं. २४ सप्टेंबर २०१९ ला ठेवीदार बँकेच्या दारात उभे राहिले, तेव्हा बँकेवरच्या निर्बंधांमुळे स्वतःच्याच पैशांतले फक्त एक हजार रुपये काढता येत होते. कोणाची पेन्शन अडकली, कोणाच्या औषधांचे पैसे. किंमत त्यांनी मोजली.

हे नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, निरक्षर शेतकऱ्याला नाडणारा लिहिता-वाचता कारकून दाखवला होता. त्यांनी त्यावर उपाय सांगितला तो शेतकऱ्याने शिकण्याचाच.

म्हणून संशय शिक्षणावर नको; तपासणी मात्र अधिकाराच्या प्रमाणात हवी. बिल करणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितलं, की नाजूक जागेवरच्या कर्मचाऱ्याला पूर्वसूचना न देता वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग रजेवर पाठवा. त्या काळात त्याचं टेबल दुसरा सांभाळतो आणि दडवलेलं वर येतं. आपल्या गाळ्यात, पतपेढीत, हाउसिंग सोसायटीतही हे करता येईल. वर्षानुवर्षं एकच माणूस चेकबुक सांभाळत असेल, तर या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.