व्यवसायक्षेत्र आणि माणसाची वाटचाल
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



शंभर वर्षे अखंडपणे वाचकांची सेवा करणाऱ्या या संस्थेत बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

माणूस आपला व्यवसाय निवडतो असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा व्यवसायाचे क्षेत्रच माणसाची निवड करते. त्याचे शिक्षण कोठे थांबावे, त्याने कोठे वस्ती करावी आणि पन्नाशीनंतर त्याच्या हाती काय उरावे, हेही बऱ्याच अंशी तेच ठरविते. मुरगावकरांना याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८० च्या दशकात येथे बंदर उभे राहिले आणि लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकपर्यंत गेला. शेती, मासेमारी आणि देवस्थानाची सेवा यांपलीकडे रोजगाराची एक नवी दिशा त्यामुळे दिसली. ज्यांना गावात वाव नव्हता ते मुंबईला गेले. तेथे धोबीतलाव परिसरात ख्रिस्ती गोमंतकीयांनी गावोगावच्या नावाने ‘कूड’ नावाची वसतिगृहे चालविली. बोटीवर चढू इच्छिणाऱ्या तरुणाला तेथे झोपायला जागा मिळे, कोणत्या बोटीवर भरती आहे याची खबर मिळे आणि शब्द टाकणारा गाववाला भेटे. एक गेला की त्याच्यामागे दुसरा जाई. एखाद्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या तारवटीच निघाले, याचे कारण रक्तात नव्हते. ते या ओळखीच्या साखळीत होते.

दुसरे उदाहरण खाणींचे. १९५० नंतर लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढली. जपान हा त्याचा मोठा ग्राहक झाला. १९६३ साली मुरगावला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील खनिज ट्रकने नदीकाठी, तेथून बार्जने मांडवी व जुवारीमार्गे बंदरात आणि तेथून जहाजाने परदेशी, अशी ही साखळी होती. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला चार कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर जात होते. अशा वेळी डिचोलीतल्या मुलाने महाविद्यालयात तीन वर्षे का घालवावीत? ट्रक चालविला की पैसा लगेच हाती येई आणि कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला की तो मालक होई. त्याचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. समोर जे दिसत होते त्यावरून काढलेला तो रास्त हिशेब होता. मात्र त्या हिशेबात एक रकाना सुटला होता. हे क्षेत्र उद्या बंद झाले तर काय, हा तो रकाना.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खननास मनाई केली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा ठप्प झाले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत.

यात सर्वांची अवस्था सारखी नव्हती, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. हिशेबनीस आणि यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर यांना दुसरीकडे शिरकाव होता. बार्जवरच्या सारंगाची स्थिती वेगळी होती. त्याचे प्रमाणपत्र अंतर्देशीय जलवाहतुकीच्या १९१७ च्या कायद्यानुसार दिलेले असे. समुद्रगामी जहाजासाठी मर्चंट शिपिंग कायद्याखालील निराळी कागदपत्रे आणि निराळे प्रशिक्षण लागते. वीस वर्षे तो ज्या जहाजाच्या कुशीला आपली बार्ज लावीत होता, त्या जहाजाच्या शिडीवर त्याचा अनुभव चढू शकत नव्हता.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलाविषयीच्या ग्रंथात कौशल्यांचे दोन प्रकार मांडले. एक कोठेही उपयोगी पडणारे आणि दुसरे ते जेथे मिळाले तेथेच मोलाचे. आपल्या मुलांसाठी क्षेत्र निवडताना आजच्या वेतनाइतकाच हा भेदही विचारात घ्यावा. हा धंदा मंदावला तर येथे शिकलेले कोठे चालेल? येथील प्रमाणपत्र कोठवर मानले जाते? आणि या क्षेत्राची खबर मला कोणाकडून मिळते आहे? हे प्रश्न पेडण्यातील तरुणांनाही विचारावे लागतील. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून तेथेही एक नवे क्षेत्र माणसे निवडू लागले आहे.

ग्रंथालयाचा संबंध येथे येतो. कुडीत जी खबर ओळखीच्या माणसालाच मिळे, ती ग्रंथालयात कोणालाही मिळू शकते. म्हणून माझी दोन मागणी आहेत. एक, भरतीच्या जाहिराती, परीक्षांचे नियम आणि परवान्यांची माहिती देणारे एक कपाट येथे असावे व ते दरमहा अद्ययावत व्हावे. दोन, बार्ज, गोदी, रेल्वे आणि खाण येथे आयुष्य वेचलेल्या सभासदांनी आपला अनुभव लिहून अथवा सांगून या संस्थेच्या स्वाधीन करावा. क्षेत्र कसे भरते आणि कसे ओसरते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या पिढीला वाट निवडताना त्याचा आधार होईल.