पैशाची वाट आणि विवेकाची साक्ष

(वर्षावासानिमित्त भरलेल्या कुटुंबसभेत दिलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे मांडणार असलेला विषय आपणांस प्रथम दूरचा वाटेल. अमेरिकेत काही माणसे युद्धासाठी सरकारला कर देण्याचे नाकारतात. अशा माणसांवर माहितीपट काढावयाचा झाल्यास त्याची आखणी कशी करावी आणि त्यासाठी पैसा कोठून आणावा, हा तो विषय. आपण विचाराल, नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना याच्याशी काय कर्तव्य? माझे उत्तर असे की, आपल्या पैशाची वाट बदलणे म्हणजे काय, हे आपणांइतके कोणास ठाऊक आहे?

आपण दीक्षा घेतली त्या दिवशी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करविणार नाही, असे आपण म्हणालो. याचा व्यवहारातील अर्थ काय? दक्षिणेचा पैसा थांबला. आपल्याला हीन ठरविणाऱ्या व्यवस्थेला आपल्याच कष्टाचा पैसा पोसत होता, तो आपण बंद केला. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. म्हणजे पैसा नुसता अडवावयाचा नाही, तो सत्कार्याकडे वळवावयाचा. नकार आणि दान ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत.

अमेरिकेतील युद्धकर नाकारणाऱ्यांचे सूत्र हेच आहे. हेन्री डेव्हिड थोरो याने गुलामगिरी व मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ कर भरला नाही, म्हणून १८४६ साली त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. ही परंपरा पुढे चालविणाऱ्यांत वॉली व हुआनिता नेल्सन हे कृष्णवर्णीय दांपत्य होते. वॉलींनी दुसऱ्या महायुद्धात लढण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला, १९४७ साली बसगाड्यांतील वर्णभेद मोडण्यासाठी निघालेल्या यात्रेत भाग घेतला. हुआनिताबाईंना १९५९ साली कराच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा त्या घरातील झग्यावरच होत्या आणि तशाच त्यांना उचलून नेण्यात आले. वर्णभेदाशी लढणे आणि युद्धाला पैसा न देणे, ही त्यांच्या दृष्टीने एकच लढाई होती.

आता माहितीपटाकडे येतो. या विषयावरील एका चित्रपटाचे उदाहरण फार बोधप्रद आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात कोलरेन नावाचे खेडे आहे. तेथे रँडी केलर व बेट्सी कॉर्नर या पतिपत्नींनी १९७७ पासून केंद्र सरकारचा प्राप्तिकर देणे थांबविले. गावाचा व राज्याचा कर ते भरत. केंद्राच्या कराची रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली नाही. बेघरांचे आसरे, युद्धातून परतलेले सैनिक, युद्धात होरपळलेले परदेशी लोक यांच्या कार्याला ती दिली. १९८९ साली सरकारने त्यांचे घर जप्त केले. १९९१ च्या डिसेंबरात त्यांना घराबाहेर काढण्यात आले आणि केलर यांना सुमारे दहा आठवडे तुरुंगात राहावे लागले. पाठिराख्यांनी आळीपाळीने त्या घरात मुक्काम ठोकला. पुढे १९९२ साली सरकारी लिलावात एका तरुण जोडप्याने ते घर ५,४०० डॉलरांना घेतले. रॉबी लेप्झर यांनी या प्रसंगावर १९९७ साली ‘अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ कॉन्शन्स’ हा माहितीपट पूर्ण केला. त्याचे निवेदन मार्टिन शीन या नटाने केले.

या माहितीपटाचे खरे मोल कशात आहे? घर विकत घेणारे जोडपे धनिक नव्हते. बाजारभावाने घर घेण्याची ऐपत नसलेली ती कष्टकरी माणसे होती. एका बाजूस विवेकासाठी घर गमावलेले कुटुंब, दुसऱ्या बाजूस डोक्यावर छप्पर हवे असलेले कुटुंब! दिग्दर्शकाने दुसऱ्या बाजूस खलपुरुष ठरविले नाही. त्यांच्यापुढेही कॅमेरा ठेवला, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. त्यामुळे पाहणाऱ्याला टाळ्या वाजवून सुटका करून घेता येत नाही. त्याला स्वतःशी निवाडा करावा लागतो. चळवळीच्या माहितीपटाची आखणी करणाऱ्याने पहिला धडा येथून घ्यावा: विरोधकाची बाजू जागा राखून मांडावी. ज्याचे सत्य पक्के आहे, त्याने प्रतिपक्षाच्या तोंडाला भिण्याचे कारण नाही.

दुसरा धडा काळाचा. लिलाव, अटक, खटला यांच्या तारखा दिग्दर्शक ठरवीत नाही. अशा चित्रपटाला वर्षे लागतात, हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे. आपल्याच घरातील उदाहरण घ्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी प्राण दिला. आनंद पटवर्धन यांनी तेथून चित्रीकरण आरंभिले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला तो २०११ साली. मध्ये चौदा वर्षे गेली. धीर नसेल त्याने या कामात पडू नये.

तिसरा धडा जबाबदारीचा आहे. जो मनुष्य कॅमेऱ्यापुढे “मी कर भरीत नाही” असे म्हणतो, तो स्वतःविरुद्ध पुरावा देतो. अमेरिकी सरकार बहुतेकांना नोटिसा धाडते, दंड व व्याज लावते, पगार किंवा बँकेतील खाते यांवर टाच आणते. क्वचित तुरुंगातही धाडते. म्हणून चित्रण करण्यापूर्वी त्या माणसाला परिणाम समजावून सांगितले पाहिजेत, त्याची लेखी संमती घेतली पाहिजे आणि विचार बदलण्याची त्याला मुभा असली पाहिजे. दुसऱ्याच्या धैर्यावर आपली कीर्ती उभारणे हा अधर्म होय.

आता पैशाचा प्रश्न. खर्च कॅमेऱ्यापुरता नसतो. प्रवास, ध्वनिमुद्रण, जुन्या चित्रफितींचे हक्क, महिनोन्‌महिने चालणारे संकलन आणि शेवटी गावोगाव दाखविण्याचा खर्च, हे सर्व आधी मांडावे लागते. पुष्कळांचा पैसा चित्रीकरणातच संपतो आणि फिती पेटीत पडून राहतात. दाखविण्याच्या खर्चाची तरतूद न करता आरंभलेला चित्रपट म्हणजे पेरणी करून कापणीला माणूस न ठेवण्यासारखे आहे.

हा पैसा आणावयाचा कोठून? ज्या सरकारच्या युद्धखर्चाला विरोध करावयाचा, त्याच्याच अनुदानावर विसंबून चालणार नाही. मोठे देणगीदार व प्रतिष्ठाने मदत करतात, परंतु एकाच दात्यावर उभ्या राहिलेल्या कामाला त्या दात्याची मर्जी सांभाळावी लागते. तेथील एक प्रचलित मार्ग असा की, एखादी नोंदणीकृत धर्मादाय संस्था चित्रपटाची पालक होते. देणग्या तिच्या नावाने येतात, त्यांवर दात्याला करसवलत मिळते, संस्था व्यवस्थेपोटी थोडा भाग ठेवून उरलेली रक्कम चित्रपटाला देते. कर नाकारणाऱ्यांच्या चित्रपटाला करसवलतीचा आधार, हा विरोधाभास खरा. पण मार्ग कायदेशीर आहे आणि हिशोब तपासला जातो. याखेरीज कर नाकारणाऱ्यांनी ठिकठिकाणी पर्यायी निधी स्थापिले आहेत. न भरलेल्या कराची रक्कम तेथे एकत्र ठेवतात आणि तिच्या उत्पन्नातून लोकोपयोगी कामांना साहाय्य देतात. आणि सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे घरगुती बैठका, छोट्या वर्गण्या व प्रत्येक खेळानंतर फिरणारी झोळी. शंभर घरांनी थोडेथोडे दिले, तर चित्रपटाला पैसा मिळतोच, शिवाय शंभर घरे प्रेक्षकही मिळतात.

आपल्या चळवळीने हे कडू अनुभवातून जाणले आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. त्या उपकाराचे ऋण आपण विसरणार नाही. तरीही त्या पत्राला दीर्घायुष्य लाभले नाही. १९२७ साली निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ साली बंद पडले. त्या पत्राला सत्याचा तुटवडा नव्हता, लेखणीचाही नव्हता. तुटवडा होता तो नियमित पैशाचा. एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीहून दरमहा येणारा लहान रुपया बळकट असतो.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो मी टाळणार नाही. मग आपणही कर नाकारावा काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. दक्षिणा ऐच्छिक होती, ती थांबविणे आपल्या हाती होते. कर हा कायदा आहे आणि त्याच करातून आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्याही येतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनात्मक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार व सत्याग्रह यांचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. बाबासाहेब सरसकट शस्त्रविरोधीही नव्हते. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, अशीच त्यांनी बुद्धाची शिकवण मांडली. आपल्या कित्येक घरांत महार रेजिमेंटमधील जवानांची छायाचित्रे अभिमानाने लावलेली आहेत आणि ती तशीच राहावीत.

परंतु कर भरणाऱ्याने प्रश्नच विचारू नये, असे बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात. आकडे मांडून सत्तेला जाब विचारणे, हा त्यांचा मार्ग होता. अमेरिकेतही तो मार्ग चोखाळणारे आहेत. ज्यांचा विवेक युद्धास संमती देत नाही, त्यांचा कर केवळ शांततेच्या कामी लागावा, असे विधेयक १९७२ साली रोनाल्ड डेलम्स या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीने आणले. ते वारंवार मांडले गेले, अद्याप संमत झालेले नाही. उलट १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका आमिश पंथीयाच्या खटल्यात म्हटले की, कराचा विनियोग धर्मश्रद्धेविरुद्ध आहे म्हणून जो तो कर नाकारू लागला, तर करव्यवस्था चालणार नाही. चांगल्या माहितीपटात हा न्यायनिर्णयही आला पाहिजे. तो लपविणारा चित्रपट प्रचारपत्रक ठरेल.

म्हणून मी म्हणतो, कोलरेनच्या माणसांचे अनुकरण करू नका, पण त्यांची साक्ष समजून घ्या. भगवान बुद्धांनी उपासकाला निषिद्ध ठरविलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हा प्रश्न धम्माच्या बाहेरचा नाही.

आणि साक्ष केवळ दूरच्या माणसांचीच नोंदवावयाची असे नाही. ज्यांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्यांतील हयात असलेली माणसे आज अतिवृद्ध आहेत. त्यांनी देव्हारा कसा उतरविला, गावकीची कामे नाकारल्यावर कोणते बहिष्कार सोसले, हे त्यांच्या तोंडून नोंदविणारे कोण? दहा कुटुंबांनी एकत्र यावे. एक वही घ्यावी. विसाव्या हिश्श्यातून दरमहा ठरावीक रक्कम तीत जमा करावी. पै-पैची पावती ठेवावी आणि दर पौर्णिमेस जमाखर्च विहारात मोठ्याने वाचून दाखवावा. हिशोब ठेवण्याचे काम घरातील शिकलेल्या मुलीकडे द्यावे. प्रथम कोणाची साक्ष घ्यावयाची, त्यास कोणते प्रश्न विचारावयाचे, त्याची संमती कोण घेणार आणि तयार झालेला पट कोणत्या दहा वस्त्यांत दाखवावयाचा, हे लिहून काढावे. मगच यंत्र हाती घ्यावे.

बंधूंनो, नकार द्यावयास धैर्य लागते. परंतु नकारातून वाचलेला पैसा सत्कार्यास लावावयास शिस्त लागते, आणि त्या कार्याची साक्ष पुढील पिढीपर्यंत पोचवावयास संघटना लागते. धैर्य आपल्या वाडवडिलांनी दाखविले आहे. शिस्त आणि संघटना हे आपले काम आहे. येत्या पौर्णिमेस या विहारात पहिली वही उघडलेली मला पाहावयास मिळावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!