उतारवय आणि पुरुषसंप्रेरक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



घोडनदीच्या पेठेत किंवा दौंड स्थानकाच्या बाकावर साठी उलटलेले दोन स्नेही भेटले की, "अंगात आता राम उरला नाही," हे वाक्य हटकून कानी पडते. त्यामागील एक गोष्ट मात्र आम्ही पुरुष पत्नीजवळही बोलत नाही. या मौनावरच औषधविक्रीचा मोठा बाजार पोसला जातो. म्हणून आज संकोच बाजूस ठेवून बोलतो.

'टेस्टोस्टेरॉन' हे पुरुषसंप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होते. १८८९ साली ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला व तारुण्य परतल्याचे जाहीर केले. तो भ्रम ठरला. शुद्ध संप्रेरक १९३५ साली हाती आले. भ्रम मात्र अद्याप ओसरलेला नाही.

वयोमानाप्रमाणे हे संप्रेरक थोडे उतरते. तेवढ्याने तो रोग होत नाही. लक्षणे असून, सकाळी उपाशीपोटी दोन निरनिराळ्या दिवशी केलेल्या तपासणीत ते कमीच आढळले, तरच उपचाराचा विचार करावयाचा. अमेरिकेत ६५ व त्याहून अधिक वयाच्या ७९० पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कामेच्छा माफक सुधारली, उदासी किंचित घटली. थकवा मात्र विशेष हटला नाही. २०२३-२४ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर पुरुषांच्या प्रयोगात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. परंतु हृदयाची अनियमित गती, फुप्फुसातील रक्ताची गुठळी व अस्थिभंग अधिक आढळले. या औषधाने रक्त दाट होऊ शकते. म्हणून वैद्यकीय देखरेख अनिवार्य होय.

आम्हांसही एका परिचिताने इंजेक्शनाचा आग्रह केला होता. आम्ही आधी रक्त तपासले. संप्रेरक यथायोग्य निघाले. साखर मात्र बेसुमार वाढलेली! ऊस पिकविणाऱ्या आमच्या मुलखात पानातील गोड नाकारणे असभ्य मानतात, त्या सभ्यतेचे हे फळ. मधुमेह आणि सुटलेले पोट यांनी हे संप्रेरकही खालावते, हे तेव्हा कळले. घाईने सुई टोचून घेतली असती, तर मूळ व्याधी झाकलेलीच राहिली असती. त्या रात्री सौभाग्यवतींस सर्व सांगितले. "इतके दिवस मला परकी का मानलेत?" एवढेच त्या म्हणाल्या.

ज्यांचे संप्रेरक खरोखर कमी आहे, त्यांनी लाज न बाळगता उपचार घ्यावेत. इतरांनी आधी कारण शोधावे. मात्र दोघांनीही प्रथम घरात बोलावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.