मृत्यूंची मोजदाद आणि समाजाचे कर्तव्य



कोरोनाच्या काळात दोन वाक्ये सर्वत्र कानी पडत. ‘हा तर साधा फ्लू!’ हे एक आणि ‘असे अरिष्ट पूर्वी कधी आलेच नव्हते!’ हे दुसरे. इतिहास दोन्ही वाक्ये खोटी ठरवतो.

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने मुंबईत प्रवेश केला. सप्टेंबरात उसळलेली दुसरी लाट संहारक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि अनेक सरकारी डॉक्टर साम्राज्याच्या युद्धात गुंतले होते. हिंदुस्थानात १ कोटी २० लाख ते २ कोटी माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लोकसंख्या तेव्हा सुमारे ३१ कोटी. म्हणजे शंभरातील चार ते सहा जण गेले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या चक्क घटली.

कोरोनाने भारतात अधिकृत नोंदीनुसार सुमारे ५ लाख ३३ हजार बळी घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ मधील अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख मानले. भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. मोठा आकडा धरला तरी प्रमाण हजारात तीन-चार, म्हणजे १९१८ च्या दशांशाहूनही कमी.

म्हणून कोरोना किरकोळ ठरत नाही. दरवर्षीचा फ्लू जगभर २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख बळी घेतो. कोरोनाच्या पहिल्या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यू, त्याच संघटनेच्या मते, सुमारे दीड कोटी होते. १९१८ मध्ये रोगाचा विषाणूही अज्ञात होता. २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साहाय्याने घडलेली स्वदेशी लस हाती होती. तरीही त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूविना माणसे तडफडली, हेही विसरता येणार नाही.

आकड्यांचा वाद विद्वानांपुरता नाही. कोरोनाने मृत्यू झाल्याचे कागदोपत्री सिद्ध करू शकलेल्या कुटुंबालाच ५० हजार रुपयांचे साहाय्य मिळाले. कोणताच पुरावा नसलेल्या घरातील विधवा वंचित राहण्याचा धोका होता. संकटात शिधा पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्याने वस्तीतील प्रत्येक मृत्यूची नोंद होते की नाही, हेही पाहावे. आपल्या मृतांची मोजदाद प्रामाणिकपणे करणारा समाजच पुढील संकटासाठी सिद्ध होतो.