ऑफिसातली घरं



रौप्यमहोत्सवात जुन्या आठवणी सांगायच्या असतात. मी मात्र एका ऑफिसबद्दल बोलणार आहे. जन्म बँकेत गेला, दुसरं काय सुचणार!

आमची नात ॲमस्टरडॅमला शिकते. तिथे विद्यार्थ्यांना खोली मिळणं फार अवघड. तीन महिने पोरगी मैत्रिणीकडे जमिनीवर गादी टाकून झोपली. शेवटी जागा मिळाली ती एका जुन्या ऑफिसात. सामाजिक विम्याचं हे प्रचंड कार्यालय महायुद्धानंतर, 1960 साली उभं राहिलं. काम तिथून हललं, इमारत रिकामी पडली. पाडण्याऐवजी तिच्यात विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी छोटी घरं काढली.

गेल्या वर्षी मी जाऊन आलो. आधी पटेना. ऑफिसात माणूस आठ तास बसतो. जिन्याजवळ चार संडास असले की अख्खा मजला भागतो. आमच्या शाखेत तर एकावरच चाळीस जण भागवायचो! राहायचं म्हटलं की खोलीखोलीत नळ, मोरी, ओटा हवा, सांडपाण्याच्या पाइपांसाठी स्लॅबला भोकं पाडायची. शिवाय मजला फार रुंद असला तर मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही. ही इमारत लांबट आहे, दोन्ही अंगांना खिडक्या, म्हणून जमलं. आपल्याकडे ऑफिस रिकामं झालं की तिथे दुसरं ऑफिसच येतं. नरिमन पॉइंटची 23 मजली एअर इंडिया बिल्डिंग 1601 कोटींना सरकारने घेतली, तीही कार्यालयांसाठीच.

असो. नातीच्या खोलीत चहा पिताना मला आपली पाच वर्षांपूर्वीची सर्वसाधारण सभा आठवली. तळेगावच्या कॉलेजातली मुलं टाकव्यात खोल्या शोधत येतात, कान्हे स्टेशनवर उतरून. "विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये," हा ठराव आपण एकमताने केला. सूचक मीच होतो. रात्री गोंगाट होतो, जिन्यात चपलांचा ढीग पडतो, पाणी जास्त लागतं, सगळं मीच बोललो होतो. त्यातलं काही खोटं नव्हतं. नातीच्या दाराबाहेरही चपलांचा ढीग होताच.

येत्या सभेत हा ठराव फेरविचाराला घ्यावा, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.