फोटोतला गोरेपणा
(न्हावरे येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



परिचयपत्रासाठी मुलीचा फोटो काढला की स्टुडिओत एक प्रश्न ठरलेला असतो, "जरा उजळ करू का?" उत्तर मुलगी देत नाही. सोबतची आई, काकी किंवा भाऊ देतो.

हे काम नवे नाही. पूर्वी फोटोवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डाग, सुरकुत्या झाकत. १९९० साली फोटोशॉप आले आणि तेच काम संगणकावर होऊ लागले. डागाशेजारची स्वच्छ कातडी उचलून डागावर बसवायची, मग सगळा चेहरा उजळवायचा. आता मोबाइलही हे आपोआप करतो.

मुरमाची पुटकुळी आठ दिवसांत जाणारच असते. ती काढायला हरकत नाही. पण रंग जात नाही. कुणी जन्मतःच सावळी असते, कुणी उन्हात खुरपून रापलेली. फोटो बघून पाहुणे येतात, समोर वेगळी मुलगी बसते. फोटो गोरा करणारे भलतेच, पण 'फसवलं' हा बोल तिलाच लागतो. मग रंगाची भरपाई हुंड्यात मागतात. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे, तरीही.

लग्नानंतरही हे संपत नाही. सातारा जिल्ह्यातील एका विवाहितेने १९९८ साली आत्महत्या केली. नवरा रंगावरून टोमणे मारी, असा आरोप होता. खालच्या न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. असे टोमणे म्हणजे संसारातली भांडणे, फौजदारी कायद्यातला छळ नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अपमान आणि हेटाळणीलाही हिंसा मानतो. त्याचा आधार आपण घेतला पाहिजे.

विरोध केला तर फरक पडतो. २०२० साली परदेशातल्या भारतीय बायकांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा 'शादी डॉट कॉम'ने रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकली.

आपल्या गटांनीही ठरवू या. परिचयपत्रातला 'वर्ण' हा रकाना काढायचा. मुलीला विचारल्याशिवाय तिच्या फोटोला हात लावू द्यायचा नाही. आणि मुलाची आई म्हणून स्थळ बघायला जाल, तेव्हा "मुलगी रंगाने कशी आहे?" हे विचारायचे नाही. हा प्रश्न बहुतेकदा आपणच विचारतो, तेव्हा तो थांबवणेही आपल्याच हाती आहे.