टक्के उतरवून प्रबंध होत नाही



पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची वेळ आली की विद्यापीठात हल्ली एकच प्रश्न कानावर पडतो : "किती टक्के आले?" प्रबंधात नवे काय सापडले, हे विचारणारे थोडे. हे टक्के म्हणजे संगणकाने दाखवलेले दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेले साम्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, ६० पर्यंत गेले तर वर्षभर थांबायचे, आणि त्याच्याही वर गेले तर नोंदणीच रद्द. नियम हवेच होते. पण १० टक्के चोरी माफ, असा त्यांचा अर्थ नव्हे. आणि नेमका तोच अर्थ आपल्याकडे रुजत चालला आहे, याची मला फार चिंता वाटते.

एक उदाहरण घेऊ. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. ही माहिती सर्वांची आहे, तिला तळटीप नसली तरी बिघडत नाही. त्यांनीच १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. हीसुद्धा सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. मात्र त्या अर्पणपत्रिकेचा अन्वय एखाद्या अभ्यासकाने वर्षानुवर्षे वाचून लावला असेल, तर तो त्याचा आहे. विद्यार्थी तो परिच्छेद उचलतो. 'अर्पण'चे 'समर्पित' करतो, 'मुक्तता'चे 'विमोचन' करतो, दोन वाक्ये मागेपुढे करतो. टक्के उतरतात. मुद्दा, मांडणी, दाखले, सगळे दुसऱ्याचेच राहते. इंग्रजी ग्रंथातले अख्खे प्रकरण मराठीत उतरवले, किंवा कधीच संगणकावर न चढलेला जुना प्रबंध समोर ठेवून लिहिले, तर यंत्राला बहुधा पत्ताही लागत नाही.

वाचणाऱ्याला मात्र लागतो. संदर्भसूचीत पुस्तकाची नवी आवृत्ती असते आणि तळटिपांमधले पृष्ठांक जुन्या आवृत्तीचे. मूळ लेखात लेखकाचे नाव चुकीचे छापलेले असते, तीच चूक प्रबंधात जशीच्या तशी येते. आधीच्या पानावर अडखळणारी भाषा पुढच्या पानावर एकाएकी सफाईदार होते. जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या कायद्यातील प्रबंधाला बायरॉइट विद्यापीठाने सर्वोच्च श्रेणी दिली होती. त्यातली उचलेगिरी २०११ साली ध्यानात आली ती त्या प्रबंधाचे परीक्षण करू पाहणाऱ्या एका प्राध्यापकाच्या. मग अनेक स्वयंसेवकांनी पानामागून पान ताडून पाहिले. पदवी गेली, मंत्रिपदही गेले. पण पदवी देण्याआधी ही ताडणी का झाली नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांइतकेच मार्गदर्शकांना जबाबदार धरतो. आयोगाच्या नियमानुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी पीएच.डी.चे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असतात. आठ जणांची प्रकरणे वाचणे अशक्य नाही. प्रकरण हातात आल्यावर विद्यार्थ्याला समोर बसवावे, हा मुद्दा तुला कुठे सुचला, कोणाचे वाचून सुचला, हे विचारावे. ज्याने स्वतः काम केले आहे तो तासभर बोलतो. ज्याने उचलले आहे तो दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो.

पुष्कळ चोरी मुद्दाम केलेली नसते, हेही खरे. वहीत उतारा लिहून घेतलेला असतो, खाली पुस्तकाचे नाव नसते. दोन वर्षांनी तो आपलाच वाटू लागतो. तेव्हा संशोधनाला लागलेल्या तरुण मित्रांनो, टिपण काढाल त्याच दिवशी लेखक, ग्रंथ, आवृत्ती आणि पान लिहून ठेवा. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांतच उतरवा. आणि मार्गदर्शक बंधुभगिनींनो, संगणकाचा अहवाल मागवण्याआधी प्रबंध स्वतः वाचा.